गार चहा आणि अकरा गळे

"हॅलो?… हॅलो? ऐकू येतंय का?… मी बोलतोय… अगं मी… मी म्हणजे मी! नऊ वर्षांनंतरही आवाज ओळखू येऊ नये?… बरं, बरं, नंबर काढून टाकलास तर टाकलास… नाही, नाही, कोणी गेलं नाही. सगळे जिवंत आहेत. आई ठणठणीत आहे. कालच खालच्या मजल्यावरच्या बाईशी भांडून आली. जिंकूनही आली… हो… नाही गं, मलाही काही झालेलं नाही… अगं ऐक ना, दोन मिनिटं. फक्त दोन मिनिटं."

दोन मिनिटं हे त्याचं जुनं माप. लग्नाच्या नऊ वर्षांत त्या मापात कधी तास मावला, कधी अख्खी संध्याकाळ. पलीकडच्या बाईला, म्हणजे त्याच्या बायकोला, ते माप चांगलंच ठाऊक होतं.

"घड्याळ लाव, हवं तर… लाव, लाव… दुकानातच आहेस ना?… समोर गिऱ्हाईक आहे?… नाही ना, मग झालं तर… काय म्हणजे काय? बोलायचंय… हो, पाच महिन्यांत फोन केला नाही. मान्य… तेही मान्य… सगळं मान्य, बाई! भांडायला नाही केलाय फोन."

तो एका मोठ्या दवाखान्यात लोकांचे कान तपासतो. सगळे त्याला कानवाला म्हणतात, अगदी मोठे डॉक्टरसुद्धा. काचेची खिडकी असलेली एक बंद पेटीवजा खोली आहे, बाहेरचा ठणाणा आत जात नाही. माणसाला आत बसवायचं, कानावर हेडफोन चढवायचे, हातात एक बटण द्यायचं आणि सांगायचं, आवाज आला की दाबा, कितीही बारीक आला तरी दाबा. दाबलं की आवाज दहाने खाली आणायचा, नाही दाबलं की पाचने वर न्यायचा. असं खालीवर करत जिथे ऐकू येणं संपतं तिथे कागदावर फुली मारायची. कधी कधी काहीच वाजत नसताना कोणीतरी बटण दाबतं. ती बहुधा एकटी राहणारी माणसं असतात. आपल्यासाठी कोणीतरी काचेपलीकडे वाट बघत बसलंय, हे त्यांना फार दिवसांनी मिळालेलं असतं, आणि पेटीतून बाहेर यायचं त्यांच्या जिवावर येतं. अशा बटणांची कानवाला नोंद करत नाही, पण त्या माणसांना पाच मिनिटं जास्त बसू देतो.

ती चष्म्याच्या दुकानात. नातेवाईक म्हणायचे, जोडा झकास जमलाय, एकाला कान आणि एकीला डोळे, दोघांत मिळून एक धडधाकट माणूस होतं. आठ महिन्यांपूर्वी दुकानाने तिला दुसऱ्या शहरातल्या शाखेत सहा आठवड्यांच्या शिकवणीला पाठवलं. ती गेली ती थंडीचे सगळे कपडे घेऊन. सहा आठवड्यांसाठी कोणी लोकरीचे चार कोट नेत नाही, एवढं दिसायला काही चष्मा लागत नाही. याला दिसलं नाही. सहाचे आठ झाले, आठचे बारा झाले, मग दोघांनीही आठवडे मोजणं सोडून दिलं. भांडण झालं असतं तर निदान मिटवता आलं असतं. इथे मिटवायला काही हातीच नव्हतं.

"ऐक. माझा अल्बम येतोय… अल्बम गं… हो, तेच. तेच माझं धडाम-धुडूम… हसतेस काय?… नाही, हस. बरं वाटलं… अकरा जणांनी गायलंय. अकरा! सात देशांतले… तुझी शपथ. जमैकाचे तीन. त्रिनिदादची एक बाई. केनियाच्या दोघी बहिणी, त्या एकमेकींशी बोलत नाहीत, म्हणून दोघींची वेगवेगळी गाणी. घानाचा एक. जपानची एक मुलगी, ती दिवसभर दातांच्या डॉक्टरकडे मदतनीस असते. पोलंडचा एक ट्रकवाला, तो ट्रकमध्येच गातो… मोजतेयस का तू?… नऊच झाले? थांब… हां, ब्राझीलचे दोघं राहिले. बघ, तुझं लक्ष असतं."

हा सगळा प्रकार काय, ते तिने नऊ वर्षं सोसलेलं होतं. आपल्याला सांगायला हवं. डान्सहॉल म्हणून जमैकाकडचं नाचायचं संगीत आहे. त्यात रिवाज असा, की एक जण नुसता ठेका आणि त्यावरची चाल बांधतो. त्याला रिडिम म्हणतात. तो रिडिम मग तो ओळखीच्या, बिनओळखीच्या गायकांना वाटून देतो, आणि ज्याने त्याने त्यावर आपलं गाणं रचायचं. एकाच ताग्यातून अकरा जणांनी अकरा सदरे शिवावेत तसं. रिडिमला एक नाव असतं, त्या नावाने सगळी गाणी एकत्र निघतात, आणि सगळ्यांत शेवटी नुसता रिडिम, कोणाच्याही गळ्याशिवाय, कोरा ठेवायचा. बांधणारा मात्र कुठेच ऐकू येत नाही. कानवाल्याला हे फार सोयीचं होतं. दवाखान्यातून यायचं, मागच्या खोलीत शिरायचं, हेडफोन चढवायचे. अकरा माणसांशी जन्मात कधी न भेटता दोस्ती ठेवता येत होती, आणि स्वयंपाकघर वीस पावलांवर होतं.

"नाव ना?… नाव ठेवलंय 'गार चहा'… हसू नकोस, आता हसू नकोस, आता मुद्द्याचं आहे… अगं एक चूक झालीय… नाही, पोलीसबिलीस काही नाही. घरचीच चूक. म्हणजे तुझ्याशी… थांब, नीट सांगतो. तू जायच्या आधीचा बुधवार. मी ताटलीवर चमच्याने ठेका धरत होतो… हो, तीच ताटली, तुझ्या आईने दिलेली, पोचा आलेली… मला तिचाच आवाज हवा होता! माइक उघडा. खोलीचं दार उघडं. आणि तू हाक मारलीस… चहाला… हो. 'चहा ठेवलाय.' मग थोडं थांबून 'गार होतोय.' आणि मग 'ऐकतोयस का?'… तीनदा… नाही गं. तेव्हा नाही ऐकलं. कानावर हेडफोन होते."

"…"

"आहेस ना?… हां. मग दुसऱ्या दिवशी मी तो चमचा पुन्हा वाजवून घेतला, जास्त चांगला आला. पहिल्या चमच्याचा आवाज बंद करून ठेवायचा होता. आणि रिडिम सगळ्यांना पाठवताना तो बंद करायचा विसरलो. तसाच गेला. तुझ्यासकट… सगळ्यांना. अकराच्या अकरा जणांना… मला काय ठाऊक! मी मोठ्या ऐटीत पाठवून मोकळा झालो."

आणि या धंद्यात बांधणाऱ्याने जे पाठवलं ते ब्रह्मवाक्य. मागे कुत्रं भुंकलं असेल तर गायक समजतो की कुत्रं मुद्दाम भुंकवलंय. कोणी विचारलं नाही की ही बाई कोण. त्यांना वाटलं, रिडिममध्ये एक बाई ठेवलेली आहे, ती दर सोळा ठोक्यांनी काहीतरी म्हणते, आणि आपण तिला धरून गायचंय. दोन आठवड्यांत गाणी येऊ लागली. कानवाल्याने पहिलं गाणं ऐकलं, आणि ते ऐकताना त्याच्या हातातला टोस्ट तसाच राहिला.

"सगळे तुझ्याशी बोलताहेत गं… म्हणजे तू म्हणतेस, आणि ते तुला उत्तर देताहेत. प्रत्येक जण… भाषा कुठली कळायला! त्रिनिदादच्या बाईला वाटलं तू शिव्या देतेयस. ती तुझ्या बाजूने भांडलीय, पूर्ण तीन मिनिटं. घानावाल्याला वाटलं तू नाचायला बोलावतेयस… ट्रकवाल्याला वाटलं तू रस्ता सांगतेयस. 'येतो, येतो, पुढच्या वळणावर आहे' असं काहीतरी आहे त्याचं, मी एकाकडून अर्थ लावून घेतला… आणि जपानची मुलगी. ती तुझंच म्हणते. 'ऐकतोयस का?' अगदी तुझ्यासारखं, शेवटचा 'का' जरा वर नेऊन. तिला एक अक्षर कळत नाही. पण असं म्हणते… अगं मी ते दवाखान्यात ऐकलं, जेवणाच्या सुट्टीत, आणि मी पटकन मागे वळून 'काय?' म्हणालो. मागे कोणी नव्हतं. फायलींचं कपाट होतं."

"…"

"हो. वेडाच आहे मी. आई पण तेच म्हणते."

आईने खरं तर त्याहून जास्त म्हटलं होतं. आई म्हणाली होती, "घरात होती तेव्हा ठेवलंस कान झाकून, आता साता समुद्रांपलीकडून ऐकतोस. नवसाचा माझा!" आईला गाण्यातलं काही कळत नाही, पण मुलगा कळतो.

"नाही, एवढ्यासाठी नाही केला फोन… सांगतो ना. घाई करू नकोस… बरं, दोन मिनिटं झाली, दिसतंय मलाही. अजून दोन… जमैकाचे तिघं आहेत ना, त्यातला एक म्हातारा आहे. पंचाहत्तरीचा. सगळे त्याला गंजका पत्रा म्हणतात, आवाजावरून… नाही, त्याला आवडतं ते. त्याचं गाणं शेवटपर्यंत येईना. सगळ्यांची पुरी आली, त्याचं अर्धंच. मग त्याने निरोप पाठवला… लिहून. वाचून दाखवतो, थांब. हं. 'बाबा रे, ती बाई तीनदा हाक मारते. मग थोडी शांतता. मग काहीतरी ओतल्याचा आवाज. तिला कोणी ओ दिली की नाही? दिली असेल तर तो तुकडा पाठव, त्यावर मी गाणं संपवतो. नसेल दिली तर तसं कळव. हे असं अधांतरी ठेवून मला गाता येत नाही.'"

"…"

"हो ना. अगं मी चार दिवस तो तुकडा ऐकला. चार दिवस! मोठा करून, बारीक करून, हा कान लावून, तो कान लावून. मला वाटलं, मी 'हं' तरी म्हटलं असेल. 'आलो' तरी. माणूस सवयीने म्हणतो ना. शोधत होतो स्वतःला… नाही सापडलो. मी कुठेच नाही त्यात. चमचा वाजतोय फक्त… आणि ते ओतल्याचं… मला इतके महिने वाटायचं की तू त्या दिवशी नळ सोडला असशील, भांडी घासायला… तो चहा होता ना?"

"…"

"माझा चहा… सिंकमध्ये ओतलास ना?"

"…"

"हं… नाही, बरोबर केलंस. मी काय म्हणतोय! बरोबरच केलंस."

ही गोष्ट तोंडातून काढायला त्याला पाच महिने नाही, आठ लागले होते. पत्र्याचा निरोप आल्यापासून घरात त्याला धड बसवेना. मागच्या खोलीत अकरा गळे हजर होते, बटण दाबलं की सात देश येऊन गायचे, आणि सगळे जण त्याच्या बायकोला उत्तरं द्यायचे. एकटा तोच तेवढा गप्प होता. त्याला फार एकटं वाटलं. हे एकटेपण या घरात आधीपासून होतं, फक्त तेव्हा ते स्वयंपाकघरात बसायचं आणि दोन कप चहा करायचं, हेही त्याला तेव्हाच कळलं.

"म्हणून फोन केला… आणि हो, दुसरंही एक आहे, खोटं कशाला बोलू. उद्या दुपारी बाराच्या आत एक फॉर्म भरून द्यायचाय. ज्याचा ज्याचा आवाज आहे त्याची परवानगी, आणि नाव. शेवटचा असतो ना कोरा रिडिम, गळ्याशिवायचा? त्यात तूच उरतेस. बाकी कोणी नाही. बारावं गाणं, गायिका तू… मी मस्करी करत नाहीये. फॉर्मवर गायिकेचं नाव म्हणून रकाना आहे. मी कालपासून त्यासमोर बसलोय. काय लिहू? लग्नाआधीचं की आत्ताचं?… म्हणजे, आत्ताचं जे असेल ते…"

"…"

"काय?… काढून टाकू?"

"…"

"नाही, ऐकलं. ऐकलं मी. काढून टाक म्हणालीस."

पूर्वीचा कानवाला इथे तावातावाने बोलला असता. अल्बमचं काय होईल, अकरा माणसं कोणाला उत्तरं देताहेत हेच कळणार नाही, आठ महिन्यांच्या मेहनतीवर पाणी पडेल, वगैरे. ते सगळं खरंही होतं. बाई काढली की अकरा माणसं भिंतीशी बोलल्यासारखी वाटणार होती. त्याने फॉर्म उलटा करून ठेवला. त्याला रडू येत होतं, आणि त्याने ते येऊ दिलं, कारण फोनवर दिसत नाही.

"बरं. काढतो. आवाज तुझा आहे. घरातल्या घरात मारलेली हाक ती, ती गावभर का वाजवायची! बरोबर आहे तुझं… नाही, नाही, मी बरा आहे. सर्दी आहे जरा… अगं पण एक. एकच. काढायच्या आधी एकदा तू ऐक. तुझं तूच. तीन मिनिटांचं आहे. कोणी गात नाही त्यात, नुसती तू आणि चमचा… कोण आलं?… गिऱ्हाईक? किती जण?… एक बाई आणि तिची लेक. मग… मग ठेवणार तू?… नाही, काम आधी. हो… थांब! थांब, थांब. ठेवू नकोस. तू बोलू नकोस, काहीच बोलू नकोस. फोन नेहमीसारखा मानेत धर आणि काम कर तुझं. ऐकू आलं की फोनवरचं एक बटण दाब. कुठलंही. माझ्याकडे टूं वाजतं. एवढंच… हो, अगदी दवाखान्यात करतो तसंच. मला कळेल."

त्याने फोन मागच्या खोलीत नेला आणि स्पीकरसमोर उशीवर ठेवला. मग रिडिम लावला. आधी चमचा आला, पोचा आलेल्या ताटलीवरचा, एक जड आणि दोन हलके. मग खालून जाड सूर. मग स्वयंपाकघरातून, वीस पावलांवरून, ती. चहा ठेवलाय.

फोनमधून टूं असा आवाज आला.

"हां. छान… बोलू नकोस. आता बारीक करतो."

हाताला सवय होती. दहाने खाली. गार होतोय. टूं.

त्याने अजून दहाने खाली आणलं. आता ताटली जेमतेम ऐकू येत होती, शेजारच्या घरात कोणीतरी बोटाने टेबल वाजवावं तशी. ऐकतोयस का? बराच वेळ काही आलं नाही. पलीकडे ती कोणालातरी सांगत होती की सरळ बघ, पापणी नको हलवू. तो पाचने वर नेणार इतक्यात टूं वाजलं.

"शाब्बास. कान चांगले आहेत हो तुमचे… सवयीने आलं गं तोंडात. पुढे."

आणखी खाली. टूं. आणखी खाली. आता त्याला स्वतःलाही नीट ऐकू येत नव्हतं, आणि त्याचे कान पूर्ण दवाखान्यात नावाजलेले. शांततेनंतर ते ओतल्याचं आलं असावं, पण ते आता आठवणीनेच ऐकायचं होतं. टूं.

मग त्याने आवाज पार बंद केला. का केला, ते त्यालाही सांगता आलं नसतं. कदाचित नियम म्हणून, की कुठेतरी फुली मारावी लागतेच. कदाचित ती आता थकली असेल, जाऊ दे तिला, असं वाटून. खोलीत काही वाजत नव्हतं. खिडकीबाहेर कोणीतरी गाडी मागे घेत होतं, तेवढंच.

टूं.

"…अगं."

टूं.

"अगं, बंद केलंय मी. काही वाजत नाहीये."

टूं.

तो उशीपाशी जमिनीवर बसला. हे बटण तो रोज बघत आला होता, काचेच्या अलीकडून, कागदावर न लिहिता. इतकी वर्षं घरातही कोणीतरी ते दाबतच होतं. त्याने फोन उचलून कानाला लावला आणि थांबला. जास्तीची पाच मिनिटं तो परक्या माणसांनाही देत असे.

पलीकडे लहान मुलीला चष्मा आवडला असावा, ती कोणालातरी "आई, झाडाची पानं वेगवेगळी दिसतात" असं सांगत होती. मग दुकानाचं दार लोटल्याचा आवाज, दारावरची घंटी, आणि शांतता. मग ती बोलली. ती काय म्हणाली ते आपल्याला ऐकू येत नाही. दोनच शब्द असावेत. कानवाल्याने ते आठ महिन्यांत काही हजार वेळा ऐकले होते, सात देशांच्या उच्चारांत ऐकले होते, पण त्याला विचारलेले असे एकदाही नाही.

"ओ."

"…"

"ओ. ऐकतोय. बोल."

यानंतर बराच वेळ या बाजूला लिहिण्यासारखं फारसं काही घडलं नाही. पलीकडे खूप काही होतं. ती मधे एकदा दुकानातून बाहेर आली असावी, कारण मागे गाड्या ऐकू येऊ लागल्या. तो भिंतीला टेकून बसला होता आणि त्याचे हेडफोन टेबलावर पालथे पडले होते.

"हं…"

"हं."

"नाही, थांबवत नाहीये. बोल तू."

"…सहा आठवडे नव्हतेच. हं… कोट? नाही, नाही दिसले मला. दिसले होते म्हणालो तर खोटं होईल."

"हो… तो पण दिवस. तुझ्या तापाचा… हो. मी आत होतो… हं."

"…"

"नाही गं, उत्तर नाही देत. बचाव नाही करत. तू सांग."

"…"

"परत यायचं नाहीये तुला."

"…"

"हं… कळलं… नाही, राग नाही. वाईट वाटतंय. फार वाईट वाटतंय, खरं सांगतो. पण तू थांबू नकोस, राहिलेलं बोल."

"…"

"रडतेयस?… बरं. रड. मी आहे इथे. मीही तेच करतोय मघापासून, सर्दी कसली डोंबलाची!"

"…"

"राहू दे? काय राहू दे?… आवाज?… नक्की?… नाही, मी परत विचारतो, कारण मला ऐकायची सवय नाहीये, तुला ठाऊकच आहे. आवाज राहू दे म्हणतेस… बरं. आणि नाव?… कुठलंच नको. ना ते, ना हे… बरं. रकाना रिकामा सोडतो. विचारलं तर सांगेन, बाईंची तशी इच्छा आहे… आणि पत्र्याला काय कळवू? तो अडून बसलाय म्हातारा. कोणी ओ दिली का म्हणून विचारतोय…"

"…"

"'उशिरा दिली.' हं… तसंच लिहितो. 'दिली, पण उशिरा दिली.' त्यावर गाईल तो. असल्या गोष्टीवर तो फार चांगलं गातो."

"रविवारी? इकडे?… हो, उन्हाळ्याचे कपडे सगळे आहेत. कपाटाच्या वरच्या खणात, मी हलवले नाहीत. मोठी बॅग तुझ्याकडेच आहे ना?… मग दुसरी देतो, चाक मोडकं आहे पण चालते… किती वाजता येशील?… चार. बरं… मी असेन. दवाखान्याला सुट्टी आहे… आई? आईला सांगतो बहिणीकडे जा म्हणून. ती जाणार नाही, पण सांगतो."

"…"

"चहा घेशील ना?… अगं उभ्या उभ्या. कपडे भरता भरता… मी करीन. येतो मला आता. आलं जरा जास्त पडतं, पण येतो… नाही, नाही, तू हाक मारायची नाहीस. तू कपडे भर तुझे. या वेळी हाक मी मारतो."

"…"

"तीनदा मारीन."

"…"

"बरं… ठेव तू… नाही, तू ठेव आधी… अगं ऐक ना… काही नाही. ठेव… हॅलो?… हॅलो?"

तिने ठेवला होता. फोनवर आकडा दिसत होता, एक तास सहा मिनिटं. त्याने फॉर्म सुलटा केला, परवानगीच्या चौकोनात खूण केली आणि नावाचा रकाना सोडून दिला. मग तो स्वयंपाकघरात गेला. फोन लावण्याआधी धीर यावा म्हणून त्याने चहा केला होता, तो बशीने झाकलेला ओट्यावर तसाच होता. गारढोण झाला होता, वर साय धरली होती. त्याने तो सिंकमध्ये ओतला नाही. तिथेच उभं राहून सगळा प्यायला.